मंदी येतेय म्हणे! पण कोणाची?

५ ऑगस्ट २०२४. सोमवार. आधीच सोमवार म्हणजे मूडची वाट, त्यात सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडला आणि ऑफिसातल्या निम्म्या स्क्रीन्सवर एक्सेल मिनिमाइझ होऊन लाल आकडे झळकायला लागले. दिवस संपला तेव्हा सेन्सेक्स २,२२२ अंकांनी खाली. तिकडे जपानचा निक्केई तर एकाच दिवसात १२ टक्क्यांहून जास्त आपटलेला. कॅन्टीनच्या रांगेत, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये एकच वाक्य ऐकू येत होतं. 'अमेरिकेत मंदी येतेय म्हणे!'

त्या दुपारी एका जुन्या मित्राचा फोन आला. हिंजवडीत आयटीत आहे, वाकडला टू बीएचके, ईएमआय चालू, मुलगी ज्युनिअर केजीत. थोडक्यात, आपल्यातलाच एक. म्हणाला, "अरे, बघितलंस का? मंदी आली रे. सगळं काढून घेऊ का?"

मी हसलो नाही. कारण याच गड्यानं २०२० च्या मार्चमध्ये मला फोन न करताच सगळं काढून घेतलं होतं. त्याची किंमत त्याला चांगलीच ठाऊक आहे. ती गोष्ट पुढे सांगतोच. आधी त्याच्या प्रश्नाकडे बघू, कारण तो नुसता त्याचा प्रश्न नाही. दर दोन-तीन वर्षांनी तो आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत असतो.

एक शब्द, तीन भानगडी

गडबड आपल्या भाषेतच आहे राव. आपण शेअर पडले की म्हणतो 'बाजारात मंदी'. देशाचं उत्पन्न घटलं की म्हणतो 'मंदी'. आणि कंपनीनं इन्क्रिमेंट पुढे ढकलली, दोन डेस्क रिकामे झाले की तेव्हाही म्हणतो, 'मंदी आहे बाबा सध्या'. शब्द एकच, पण गोष्टी तीन. बाजाराची मंदी, देशाची मंदी आणि तुमची स्वतःची मंदी. या तिघी सख्ख्या बहिणी वाटतात खऱ्या, पण एकत्र येतातच असं नाही. कधी एक येते आणि दुसरी फिरकतही नाही.

आपली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. एकीची चाहूल लागली की आपण दुसरीवर उपाय करायला धावतो.

बैल गेला आणि झोपा केला

आधी देशाची मंदी घेऊ. पुस्तकातली सोपी व्याख्या अशी : लागोपाठ दोन तिमाही जीडीपी घटला की 'तांत्रिक मंदी'. अमेरिकेत मात्र हा निर्णय एक स्वतंत्र संस्था देते, नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च. तिथल्या अर्थतज्ज्ञांची समिती रोजगार, उत्पन्न, विक्री, उत्पादन असं सगळं बघून तारखा ठरवते. आपल्याकडे अशी समितीच नाही.

समिती हुशार आहे, पण घाईत अजिबात नाही. २००७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंदी सुरू झाली, हे समितीनं जाहीर केलं १ डिसेंबर २००८ ला. म्हणजे पुरं एक वर्ष उलटून गेल्यावर! तोवर लेहमन ब्रदर्स बुडाली होती आणि आपला सेन्सेक्स २१ हजारांवरून नऊ हजारांच्या आसपास आला होता. मंदी २००९ च्या जूनमध्ये संपली, ही बातमी तर आली २०१० च्या सप्टेंबरमध्ये. तिकडचा शेअर बाजार मात्र ९ मार्च २००९ लाच तळ गाठून वर निघाला होता. मंदी संपायच्या तीन महिने आधी आणि मंदी संपल्याची बातमी यायच्या दीड वर्ष आधी.

म्हणजे अधिकृत घोषणेची वाट बघणं हे बैल गेल्यावर झोपा करण्यासारखं. म्हणून तर लोक आगाऊ संकेत शोधतात. त्यातले दोन सध्या फार फेमस आहेत.

संकेत पहिला : एफडीचा उलटा बोर्ड

बँकेत एफडी करायला गेलात. बोर्डावर लिहिलंय : तीन महिन्यांसाठी साडेसात टक्के, दहा वर्षांसाठी सहा टक्के. तुम्ही म्हणाल, बोर्ड लिहिणाऱ्याचं काही तरी चुकलंय! जास्त काळ पैसे अडकवायचे तर व्याज जास्त नको का?

अमेरिकेच्या सरकारी रोख्यांच्या बाबतीत कधी कधी खरंच असं होतं. कमी मुदतीच्या रोख्यांवर जास्त परतावा, लांबच्या मुदतीवर कमी. यालाच म्हणतात उलटा 'यील्ड कर्व्ह'. असं का होतं? महागाई आवरायला तिथली मध्यवर्ती बँक आजचे व्याजदर वाढवून ठेवते. पण गुंतवणूकदारांना वाटत असतं, की असं फार दिवस चालणार नाही, धंदा थंडावेल आणि दर खाली येतील. मग आत्ताचा दर दहा वर्षांसाठी पक्का करून टाकायला सगळे लांबचे रोखे घ्यायला धावतात. मागणी वाढली की रोख्याची किंमत वाढते आणि त्यावरचा परतावा घटतो. म्हणजे हा उलटा बोर्ड म्हणजे हजारो लोकांनी पैसे लावून केलेलं एक भाकीत असतं.

कॅम्पबेल हार्वे या अर्थतज्ज्ञानं १९८६ मध्ये आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात हे नातं मांडलं. पुढे या संकेतानं नाव कमावलं. २००० मध्ये कर्व्ह उलटला, २००१ मध्ये अमेरिकेत मंदी. २००६ मध्ये उलटला, २००७ च्या शेवटी मंदी. २०१९ मध्ये उलटला आणि २०२० मध्ये मंदी, भले ती व्हायरसनं आणली असेल.

मग आलं २०२२. जुलैपासून दोन आणि दहा वर्षांच्या रोख्यांचा बोर्ड उलटा झाला. ऑक्टोबरमध्ये ब्लूमबर्गच्या अर्थतज्ज्ञांच्या मॉडेलनं सांगितलं, की पुढच्या बारा महिन्यांत अमेरिकेत मंदी येण्याची शक्यता १०० टक्के. शंभर! नव्व्याण्णवसुद्धा नाही! बोर्ड २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ उलटाच राहिला. आणि मंदी? २०२३ मध्ये नाही आली. २०२४ मध्येही नाही आली. त्याच काळात आपला सेन्सेक्स ५३-५४ हजारांवरून ८० हजारांच्या पुढे निघून गेला. जे 'मंदी येऊन जाऊ दे, मग घेतो' म्हणत थांबले, ते प्लॅटफॉर्मवरच राहिले. लोकल गेली.

संकेत दुसरा : अर्ध्या टक्क्याचा नियम

आता त्या ५ ऑगस्टच्या गोंधळाकडे येऊ. आधीच्या शुक्रवारी, २ ऑगस्टला, अमेरिकेतली बेरोजगारी ४.३ टक्के झाल्याचा आकडा आला आणि 'सॅम रूल' नावाची घंटा वाजली.

क्लॉडिया सॅम या अर्थतज्ज्ञ बाईंनी २०१९ मध्ये हा नियम मांडला. बेरोजगारीच्या दराची तीन महिन्यांची सरासरी काढा. गेल्या बारा महिन्यांतल्या अशाच सर्वांत कमी सरासरीपेक्षा ती अर्धा टक्का वर गेली, की समजा मंदी सुरू झालीये. यामागचं लॉजिक सोपं आहे. नोकऱ्या जायला लागल्या की ते थोडक्यात थांबत नाही. एकाची नोकरी गेली की त्याचं हॉटेलिंग बंद, हॉटेलातल्या वेटरचे तास कमी, वेटरची नवी बाइक कॅन्सल. उतारावर सुटलेल्या गाडीसारखं.

पण त्या सोमवारी बाजार पडला त्याला आणखीही एक मोठं कारण होतं. जपानच्या मध्यवर्ती बँकेनं ३१ जुलैला व्याजदर वाढवला होता. स्वस्तात येन उधार घेऊन जगभर गुंतवणूक करणाऱ्यांची त्यामुळे पळापळ झाली होती. आपण मात्र सगळ्याचं बिल मंदीच्या नावावर फाडलं. घंटा वाजल्यावर खुद्द सॅमबाईंनीही सांगितलं, की या वेळी चित्र वेगळं असू शकतं. परदेशातून आलेले नवे कामगार नोकऱ्या शोधत असल्यानं बेरोजगारीचा आकडा फुगलेला असू शकतो. झालंही तसंच. त्या वर्षी मंदी आली नाही.

आता यातली खरी गंमत ऐका. हा नियम शेअर विकावेत की नाही हे ठरवण्यासाठी बनलेलाच नव्हता. मंदी सुरू होताच सरकारनं सामान्य माणसाच्या हातात आपोआप पैसे पोचवावेत, त्यासाठी वेळेवर वाजणारी घंटा हवी, म्हणून तो बनला होता. म्हणजे प्रश्न 'बाजारातून कधी पळायचं' हा नव्हता. प्रश्न होता, 'लोकांकडे वेळेवर रोख पैसा असेल ना?' हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

आपल्या घरचे संकेत

आपल्याकडेही मासिक आकड्यांची रांगच असते. पीएमआय, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी विभागातल्या मॅनेजर लोकांना विचारायचं, की गेल्या महिन्यापेक्षा काम वाढलं की घटलं? ५० च्या वर म्हणजे वाढ, खाली म्हणजे घट. २०२० च्या एप्रिलमध्ये आपल्या सेवा क्षेत्राचा पीएमआय किती होता माहितीये? ५.४! टाइप करताना शून्य राहिलं की काय असं वाटावं, पण आकडा खरा होता. त्याच महिन्यात जीएसटीची वसुली ३२ हजार कोटींवर आली. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ती एक लाख १३ हजार कोटींच्या पुढे होती.

मग गाड्यांची विक्री. २०१९ च्या ऑगस्टमध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत ३१ टक्क्यांहून जास्त घटली. नोंदी ठेवायला लागल्यापासूनची तोवरची सगळ्यात मोठी घसरण. त्याच सुमारास पाच रुपयांच्या बिस्किट पुड्याची विक्री मंदावल्याच्या बातम्या आल्या आणि पुरुषांच्या अंतर्वस्त्रांचा खप घटल्याच्याही. हसू नका! अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख अॅलन ग्रीनस्पॅन यांच्या नावावर हा 'चड्डी निर्देशांक' सांगितला जातो. तंगी आली की पुरुष सगळ्यात आधी जी खरेदी लांबणीवर टाकतो ती ही, कारण बाहेर कुणाला दिसत नाही.

तर २०१९ मध्ये गाड्या पडल्या, बिस्किटं पडली, चड्ड्याही पडल्या. अर्थव्यवस्था खरोखरच मंदावली होती, २०१९-२० ची वाढ चार टक्क्यांच्या आसपास आली. आणि सेन्सेक्स? २० सप्टेंबर २०१९ ला सरकारनं कंपन्यांवरचा कर कमी केला आणि तो एका दिवसात १,९२१ अंकांनी उडाला. डिसेंबरमध्ये ४१ हजारांच्या पुढे होता. शोरूममध्ये शुकशुकाट आणि दलाल स्ट्रीटवर दिवाळी!

दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघा

अजून पटत नसेल, तर २००८ आणि २०२० ही दोन वर्षं शेजारी ठेवू.

२००८ मध्ये भारतात मंदी आली नाही. वाढ मंदावली, पण अर्थव्यवस्था वाढतच होती. तरीही सेन्सेक्स जानेवारीतल्या २१,२०६ वरून ऑक्टोबरमध्ये ७,७०० च्या खाली जाऊन आला. साठ टक्क्यांहून जास्त घसरण. देशाची मंदी नाही, बाजाराची मात्र जबरदस्त.

२०२० मध्ये भारतात खरीखुरी मंदी आली. एप्रिल ते जून या तिमाहीत जीडीपी २३.९ टक्के घटल्याचा आकडा ३१ ऑगस्टला जाहीर झाला. पुढच्या तिमाहीचा उणे ७.५ टक्के, तो आला २७ नोव्हेंबरला. तांत्रिक मंदीवर शिक्कामोर्तब! पूर्ण वर्षाचं उत्पन्न घटण्याची वेळ १९७९-८० नंतर पहिल्यांदाच आली होती. म्हणजे तुमचे-आमचे आईबाबा कॉलेजात असतील तेव्हानंतर. आणि सेन्सेक्स? २३ मार्चला २५,९८१ वर बंद झालेला, तो २१ जानेवारी २०२१ ला ५० हजारांच्या वर गेला. दहा महिन्यांत जवळपास दुप्पट. मंदीच्या पोटातच तेजी!

अजून एक. तिसऱ्या तिमाहीत जीडीपी पुन्हा वाढल्याचा, म्हणजे मंदी संपल्याचा आकडा २६ फेब्रुवारी २०२१ च्या संध्याकाळी आला. त्याच दिवशी बाजार अमेरिकी रोख्यांच्या काळजीनं १,९३९ अंकांनी पडून बंद झाला होता.

असं का होतं? कारण बाजार आजचा भाव लावतच नाही, तो पुढच्या वर्षा-दोन वर्षांचा लावतो. बातमी छापून येते तोवर ती त्याच्या पोटात पचलेली असते. शिवाय सेन्सेक्स म्हणजे तीस बड्या कंपन्या. कोपऱ्यावरचा पोळी-भाजीवाला, तुळशीबागेतला दुकानदार, जिमचा ट्रेनर त्यात कुठेच नाहीत. आणि बाजाराला पडायला मंदी लागतेच असंही नाही. २७ सप्टेंबर २०२४ ला ८५,९७८ चा उच्चांक गाठलेला सेन्सेक्स पुढच्या मार्चमध्ये ७३ हजारांच्या खाली गेला होता. तेव्हा आपली अर्थव्यवस्था सहा टक्क्यांहून जास्त वेगानं वाढत होती.

पॉल सॅम्युएलसन या नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञानं १९६६ मध्येच कोपरखळी मारून ठेवलीये, की शेअर बाजारानं गेल्या पाच मंद्यांपैकी नऊ बरोबर ओळखल्या!

आता मित्राची गोष्ट

२३ मार्च २०२०. तोही सोमवार. बाजार उघडल्यावर तासाभरात दहा टक्के पडला, व्यवहार ४५ मिनिटं थांबवले, पुन्हा सुरू केले, पुन्हा पडला. दिवसअखेर ३,९३४ अंक गायब. माझा मित्र तेव्हा घरून काम करत होता. दुपारी तीनच्या आत त्यानं मोबाइलवरून म्युच्युअल फंडातले सगळे युनिट्स विकायची ऑर्डर टाकली. म्हणजे त्याला भाव मिळाला नेमका त्याच दिवसाचा. त्या सगळ्या पडझडीतला सगळ्यात खालचा दिवस. मुहूर्त काढूनही जमलं नसतं! सहा वर्षांची एसआयपी मातीमोल भावात गेली.

कट्ट्यावर आम्ही त्याला बरंच चिडवलं. 'घाबरट', 'पॅनिक मास्टर', काय काय म्हणालो. बऱ्याच महिन्यांनी एकदा चहा पिताना तो हळूच बोलला. "मला काय बाजाराची भीती नव्हती रे. बायकोच्या कंपनीनं निम्मा पगार सांगितला होता. अकाउंटला दोन ईएमआयपुरते पैसे होते. माझीही गेली असती तर? मग मी काय करणार होतो, सांग."

मी गप्प झालो. कारण त्यानं विकलं ते संकेत वाचून नाही, किंवा बावळटपणा करूनही नाही. त्यानं विकलं कारण घरात रोख पैसा नव्हता. चारच दिवसांनी, २७ मार्चला, रिझर्व्ह बँकेनं तीन महिने हप्ते लांबवायची सवलत दिली. पण ती मिळणार हे त्याला २३ तारखेला कुठून माहीत असणार?

सगळ्या आकड्यांपेक्षा मला हे जास्त पटतं. तळाशी विकणारा माणूस बहुतेक वेळा मूर्ख नसतो, अडलेला असतो. अडला हरी... पुढचं तुम्हाला माहितीये.

तुमची स्वतःची मंदी

म्हणून तिसरी मंदी, तुमच्या पगाराची, तीच खरी महत्त्वाची. ती तर देशाला आणि बाजाराला न विचारताच येते. २०२३-२४ चं उदाहरण घ्या. अमेरिकेत मंदी नाही. भारताची अर्थव्यवस्था आठ टक्क्यांहून जास्त वाढलेली. सेन्सेक्स वर्षभरात जवळपास पंचवीस टक्के वर. सगळं कसं गुलाबी! आणि त्याच वर्षी टीसीएसची कर्मचारीसंख्या १३ हजारांहून जास्त, तर इन्फोसिसची जवळपास २६ हजारांनी कमी झाली. कॅम्पसमध्ये ऑफर लेटर मिळालेली किती तरी मुलं जॉइनिंगच्या ई-मेलची वाट बघत घरी बसली. त्यांना जाऊन सांगा, की मंदी नाहीये म्हणून!

म्हणजे तुमच्या कामाचे संकेत टीव्हीवर नसतात, ऑफिसात असतात. रिकाम्या झालेल्या जागा भरल्या जात नाहीयेत. फ्रेशर्सची जॉइनिंग पुढे पुढे जातेय. व्हेरिएबल पे 'पुढच्या क्वार्टरला बघू'. क्लायंट नवं प्रोजेक्ट सोडा, जुनं रिन्यू करायलाही वेळ लावतोय. बेंचवरची गर्दी वाढतेय. ट्रॅव्हल अप्रूव्हल आता थेट व्हीपीकडून. तुमचा क्लायंट अमेरिकेतला असेल, तर तिथला बेरोजगारीचा आकडाही जरूर बघा. पण बघायचा तो आपल्या पगारासाठी, पोर्टफोलिओसाठी नाही.

मग करायचं काय?

एक : संकेत दिसले की शेअर विकायला पळू नका, आधी रोख मोजा. घरखर्च, ईएमआय, इन्शुरन्सचे हप्ते, मुलांची फी असं सहा महिन्यांचं एकूण करा. तेवढे पैसे बचत खात्यात किंवा मोडता येईल अशा एफडीत असायलाच हवेत. घरात एकच पगार असेल किंवा नोकरी डळमळीत वाटत असेल, तर नऊ ते बारा महिन्यांचे. कमी पडत असतील, तर पुढचा बोनस तिकडे. नवा फोन पुढच्या वर्षी.

दोन : पुढच्या तीन ते पाच वर्षांत जे पैसे लागणार आहेत, म्हणजे डाउन पेमेंट, लग्न, परदेशी शिक्षण, ते शेअर बाजारात ठेवूच नका. २०२० मध्ये बाजार दहा महिन्यांत सावरला म्हणून दर वेळी सावरेल असं नाही. २००८ च्या जानेवारीतला २१,२०६ चा आकडा सेन्सेक्सनं पुन्हा ओलांडला तो थेट २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये. जवळपास सहा वर्षं! लग्न तेवढं थांबत नसतं.

तीन : रोख पुरेशी असेल, तर एसआयपी चालू राहू द्या. साधा हिशेब आहे. युनिट १०० रुपयांचं असताना पाच हजारांत ५० मिळतात. तेच ६० रुपयांवर आलं की ८३ मिळतात. मॉलमध्ये सेल लागला की आपण रांग लावतो आणि इथे सेल लागला की पळतो. पण पगारच थांबला असेल, तर एसआयपी बिनधास्त थांबवा. त्यात कसलीही लाज नाही. घर आधी, युनिट्स नंतर.

चार : नोकरी आयटीत, ईसॉप स्वतःच्याच कंपनीचे आणि वर आवडीचा फंडही आयटीचाच? म्हणजे ज्या फांदीवर बसलाय तिलाच झोका बांधलाय! पगार आणि गुंतवणूक एकाच दिवशी खाली येऊ नयेत एवढी तरी काळजी घ्या.

पाच : क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि पर्सनल लोन चांगल्या दिवसांतच फेडून टाका. वाईट दिवसांत पगार कमी होतो, ईएमआय होत नाही.

यात 'बाजार कधी पडेल' याचं उत्तर कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पाऊस कुठल्या तारखेला येणार हे वेधशाळेला विचारत बसण्यापेक्षा मे महिन्यातच गच्चीची गळती बघून घेतलेली बरी, नाही का?

आणि तो फोन...

तर ५ ऑगस्ट २०२४. "सगळं काढून घेऊ का?" असं मित्रानं विचारलं. मी त्याला उलटा प्रश्न केला. "आधी सांग, अकाउंटला किती महिन्यांचे आहेत?"

दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "आठ. मुलगी झाल्यापासून जमवतोय."

"मग?"

"मग काय... म्हणजे तसं काही काढायची गरज नाहीये रे. आकडे बघून जरा पोटात गोळा आला, एवढंच."

"येणारच. येऊ दे."

फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "पण मंदी येणार का शेवटी?" मी म्हणालो, "कधी ना कधी येईलच की. त्याचं उत्तर मला कुठे माहितीये? तुझं आठ महिन्यांचं उत्तर तेवढं आपल्या हातात आहे."

आज घरी गेल्यावर सेन्सेक्स नका बघू. पासबुक बघा. आणि किती महिने निघतात ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. तुमच्या घरापुरता सगळ्यात भरवशाचा निर्देशांक तोच.